परातीतलं ऊन

१२ जानेवारी

सही दिली नाही.

प्रितम कागद घेऊन आला आणि पेन उघडून माझ्या हातात ठेवलं. जसा काही मी अंगठाबहाद्दर! म्हणे, 'बाबा, घर तुमच्या नावावर, मीटर तुमच्या नावावर. तुमची सही लागते.' लागते ना? मग थांबा. सातवीपर्यंत शिकलोय मी. बावीस वर्षं मिठागरावर मुकादम होतो, रोजचं ऊन, वारा, भरती वहीत लिहायचो. ती सवय अजून सुटली नाही म्हणून ही वही. कागद वाचता येतो मला. चार पानं होती. वाचली. अर्धी कळली. जी अर्धी कळली नाहीत त्यातच गोम असणार.

आमच्या गच्चीवर सोलरच्या काचा बसवायच्या म्हणे. दहा. कारण काय, तर सूनबाईच्या चक्कीचं बिल. खाली गाळ्यात तिची पिठाची चक्की आणि मसाल्याचा डंक. मार्च ते मे मिरची कांडायला अख्ख्या कोपर गावच्या बायका रांग लावतात, आणि मागाहून बिल असं येतं की राबणूक सगळी त्यात जाते. कल्पिता म्हणाली (मला नाही, भिंतीला), 'या हंगामात बिल नाही उतरलं तर डंक विकून टाकते.'

डंक तिच्या आईचा. आई गेल्यावर आंबिवलीहून टेम्पोत घालून आणला होता.

विक की. मला काय सांगतेस.

१३ जानेवारी

आजही दिली नाही.

१९ जानेवारी

देवळाच्या कट्ट्यावर उत्तम भेटला. शाळेपासूनचा माझा सोबती, बोलतो जास्त, पण जग पाहिलेला आहे. सोलरचं नाव काढलं तसा कट्ट्यावरून उठूनच उभा राहिला.

'नाथा, सही करू नको! त्या काचा ऊन ओढून घेतात. ओढून! मग खालच्या घराला काय राहतं?'

मी म्हटलं, पण दिवे लागतात म्हणतात.

'लागतात. पावसाळ्याचे चार महिने मेल्यासारख्या पडून राहतात त्या. वर वीज पडायला लोखंडाचं निमंत्रण. त्यात बॅटऱ्या, त्या फुटतात. आणि गच्ची? पंचवीस वर्षं त्यांची! तू वर सुकट वाळत घातलीस तरी त्यांना विचारून.'

पंचवीस वर्षं. मी एकाहत्तर.

माझ्या थोरल्या भावाने असाच एक कागद न वाचता सही केला होता. 'थोडीशी जागा' होती ती. खाडीकडचं सगळं शेत गेलं. आता तिथे सात मजली इमारत आहे. परवा तिच्या गेटाशी जरा टेकलो तर वॉचमन विचारतो, 'काका, कोणाकडे जायचंय?'

कोणाकडे! माझ्या बापाच्या बांधावर उभा होतो मी.

२ फेब्रुवारी

सही दिली.

लक्ष्मीमुळे. दोन आठवडे सासू-सून दोघी मुक्या. भाकरी ताटात पडते तीही आपटून. आज म्हणाली, 'तुमच्या एका सहीपायी मी माझ्या घरात तोंड शिवून बसू काय? करा नाय तर उद्यापासून स्वतःची भाकरी स्वतः थापा.' म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात! आणि बोलणारी स्वतः अडुसष्टची.

केली. पण सगळ्यांसमोर सांगून केली— माझ्या सहीने येतंय, माझ्या सहीने जाईल. प्रितम हसला. हसू दे. लगेच आत जाऊन दुसरा कागद लिहिला— काचा काढून टाकाव्यात, मला नकोत, असा अर्ज. खाली सही. तारीख कोरी. ट्रंकेत ठेवलाय.

११ फेब्रुवारी

बसवल्या.

दहा काचा, दोन ओळींत, दक्षिणेकडे तोंड करून. बसवणारा कमलेश, कल्याणचा, चाळिशीतला, पोट सुटलेलं, तोंडात सतत बडीशेप. मी मुद्दाम खुर्ची टाकून दिवसभर गच्चीवर बसलो. एकेक विचारलं. पोपटासारखी उत्तरं!

बॅटरी फुटेल? 'बॅटरीच नाही काका. जास्तीची वीज लाईनीत जाते, कमी पडली की लाईनीतून येते.'

वीज पडेल? 'त्यासाठी वेगळी तार जमिनीत सोडली ना. बघा.' पाहिली. तार आहे.

पावसाळ्यात? 'कमी देतं. बंद नाही पडत.'

गच्ची कोणाची? 'तुमचीच! मी काय करू तुमची गच्ची नेऊन?'

यातून किरणं निघतात? तर हसून म्हणतो, 'काका, निघत नाहीत. आत जातात.'

आत जातात! स्वतःच्या तोंडाने कबूल! उत्तम काय वेगळं सांगत होता?

मग म्हटलं, आपल्याकडे उन्हाळा दोन-तीन महिने, बाकी वर्ष हे काय करणार? तर म्हणतो, 'ह्याला गरमी नको असते काका. उजेड लागतो. उलट जास्त तापलं की थोडं कमीच देतं.'

ऊन मला शिकवतो! बावीस वर्षं उन्हातून मीठ काढलंय. गरमीशिवाय ऊन म्हणजे काय, चांदणं?

१५ फेब्रुवारी

सकाळपासून गार वारा, उत्तरेचा. आभाळ धुतल्यासारखं. असल्या दिवसाला आगरावर आम्ही आळशी ऊन म्हणायचो— दिसायला लख्ख, पण पाणी आटत नाही.

खाली चक्कीजवळ डबा लावलाय, त्यावर दिवसभरात किती वीज झाली तो आकडा येतो. संध्याकाळी पाहिला. बावीस.

आळशी उन्हात बावीस! कोणाला बनवतात?

२३ मार्च

आज कढत. गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येईना. आभाळ मात्र धुरकट, खाडीकडे काहीच दिसत नव्हतं. पण ऊन असं की आगरावर असतो तर वाफ्यांत डोळ्यांदेखत मीठ आलं असतं.

आकडा अठरा.

थंडीत बावीस, भट्टीत अठरा! डबा पढवून ठेवलाय त्यांनी. काहीही दाखवतो. प्रितमला सांगितलं तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, 'कमलेशने सांगितलेलं ना बाबा.' हो! कमलेश देव झालाय या घरात.

३ एप्रिल

आजचा दिवस मी विसरणार नाही!

भर दुपारी बाराला लाईट गेली. डोक्यावर सूर्य, गच्चीवर दहा काचा, आणि चक्की बंद! डंक बंद! पंखा बंद! गाळ्याबाहेर मिरचीच्या पिशव्या घेऊन आठ-दहा बायका.

लक्ष्मी गोंधळली. 'अगं, सोलर हाय ना? आता लाईट जाणार नाय बोललेली ना तू?' कल्पिता म्हणाली, 'मी असं कधी बोलले आई? तुम्हीच धरून चाललात.' कमलेशला फोन लावला. तो सांगतो, लाईनीतली वीज गेली की हेही आपोआप बंद होतं. नाहीतर आपली वीज उलटी खांबावर जाईल आणि वर चढलेला लाईनमन मरेल.

लाईनमनची काळजी! वा!

मी हसलो. मोठ्याने हसलो. गाळ्याच्या पायरीवर उभा राहून सगळ्या बायकांना म्हटलं, 'बघा गं! सूर्य जिवंत आणि सोलर मेलं!' दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, 'मग आमची मिरची आता उन्हातच कांडा.'

कल्पिता बाहेर आली. तोंडाला फडकं, भुवया मिरचीने लाल. 'बाबा, हसा. घरात खुशाल हसा. गिऱ्हाइकासमोर नको.'

मी म्हटलं, 'आंबिवलीहून डंक आणलास, अक्कल तिथेच राहिली.'

ती आत गेली. पाऊण तासाने लाईट आली, डंक सुरू झाला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मीही बोलणार नाही.

बोललो ते बोललो.

५ एप्रिल

पुरावा पाहिजे. नुसत्या तोंडाला या घरात किंमत नाही.

हळदीच्या जेवणाला भात काढायच्या पाच मोठ्या पराती माळ्यावर होत्या. त्या उतरवल्या. मग दुकानात जाऊन खडं मीठ आणलं. मीठ विकत आणलं! मी! दुकानदार म्हणतो, 'काका, एवढं? लोणचं घालताय?' हो म्हटलं. काय सांगणार.

पाण्यात विरघळवलं. खाली थोडं मीठ तसंच उरेपर्यंत. बोट बुडवून वाऱ्यावर धरलं, पांढरं झालं. म्हणजे पाणी तयार. हे कोणी शाळेत शिकवत नाही.

आधी पराती जमिनीवर ठेवणार होतो. पण तिथे कुठे ना कुठे काचांची सावली येते. मग परीक्षा खोटी. काचेला जेवढं ऊन तेवढंच परातीला मिळालं पाहिजे. म्हणून काचांवरच ठेवल्या. खालच्या ओळीत पाच काचा, पाच पराती. खाली गोणपाट, उताराच्या बाजूला लाकडाची पाचर, पाणी अगदी समतल. समतल कसं करायचं ते कमलेशकडून शिकायला नको मला.

गोष्ट साधी आहे. असं पाणी एप्रिलच्या उन्हात चार-पाच दिवसांत मीठ धरतं. धरलं तर ऊन जागेवर आहे. नाही धरलं तर काचा ऊन ओढतायत. मग अर्ज टाकायचा. हे फक्त इथे लिहितोय. घरात सांगितलं तर काहीतरी चलाखी करतील.

घरात एवढंच सांगितलं— 'माझ्या परातींना जो हात लावेल, त्याच दिवशी काचा काढायचा अर्ज जाईल. लक्षात ठेवा.' कल्पिता पीठ चाळत होती. मान वर केली नाही.

६ एप्रिल

आकडा १५. कालपर्यंत वीस-एकवीस होता. वा!

७ एप्रिल

१४. परातीच्या कडेला पांढरी रेघ आली.

८ एप्रिल

१५. रेघ जाड होतेय. संध्याकाळी मी देवळात होतो तेव्हा कमलेश येऊन गेला. लक्ष्मी म्हणाली, 'वर जाऊन आला, सुनेशी दोन शब्द बोलला, चहा पण नाय घेतला.' पराती पाहिल्या. हललेल्या नाहीत. पाचर तशीच, पाणी समतल.

९ एप्रिल

१९!

आपोआप? काल तो बडीशेपवाला येऊन गेला आणि आज एकोणीस! डब्यात काहीतरी फिरवलं. पाहिलं नाही, पण मी सांगतो, फिरवलं.

१२ एप्रिल

आकडा १९. काल १८. परवा १९.

आणि परातीतली रेघ गेली! सकाळी दव धरून विरघळते, दिवसा पुन्हा जेमतेम येते, परत जाते. आज आठवा दिवस. पाच दिवसांचं काम! एप्रिलमध्ये असं मी जन्मात पाहिलं नाही. आगरावर असं झालं असतं तर मालकाने मला खाडीत ढकललं असतं.

आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. आकडा वाढला आणि मीठ थांबलं. एकाच दिवशी! जेवढं ऊन डब्यात गेलं तेवढं परातीतून गेलं.

ओढतायत.

२० एप्रिल

पाचही परातींत पाणी जवळजवळ तेवढंच. मी सकाळी सातला वर जातो, नऊपर्यंत बसतो, मग खाली येऊन चहा, वर्तमानपत्र, जेवण, झोप. पुन्हा पाचला वर. दोन्ही वेळा पराती काचांवर, रणरणत्या उन्हात. आणि मीठ नाही.

या काचा तापत्या उन्हाचा जीव काढून घेतात. आता मी पाहिलंय. आता उत्तमचं ऐकून बोलत नाही.

२६ एप्रिल

या बाईचं काय चाललंय?

रोज साडेनऊला चक्की थांबते. गिऱ्हाईक पायरीवर उभं आणि ही वर गच्चीवर! दहा-पंधरा मिनिटांनी उतरते, घामाघूम. परत साडेचारला तेच. मोबाईलवर बोलायला जात असणार, आमच्या कानापासून लांब. आणि मग म्हणायचं, धंदा पुरत नाही!

लक्ष्मीला म्हटलं, विचार तिला. तर माझ्यावरच— 'तुमी विचारा ना. तुमची पण सून हाय. तीन आठवडे झाले, एक शब्द टाकलाय काय तिच्यावर?'

मी का टाकू? तिने टाकावा.

५ मे

उत्तमला वर नेऊन पराती दाखवल्या. संध्याकाळी, सहाला. त्याने पाण्यात बोट बुडवून चाटून पाहिलं, थू थू केलं आणि म्हणाला, 'महिना झाला? महिना? नाथा, तुझ्यासारखा आगरी माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल! माझ्या पुतण्याने पण काचा सांगितल्यात. त्याला उद्याच थांबवतो.'

छाती भरून आली. किती दिवसांनी कोणीतरी म्हणालं, तू सांगतोस म्हणजे बरोबर.

ठरवलं. वीस तारखेला दोघांनी जायचं, विजेच्या ऑफिसात अर्ज टाकायला. अजून पंधरा दिवस देतो त्या काचांना. कोणी म्हणायला नको, म्हाताऱ्याने घाई केली.

१० मे

नाही धरलं.

१२ मे

बिल आलं. जेवणाच्या टेबलावर माझ्या पाण्याच्या भांड्याखाली दाबून ठेवलेलं. कोणी ठेवलं ते सांगायला नको. गेल्या वर्षी याच महिन्यात होतं त्याच्या निम्म्याहून कमी.

प्रितम रात्री नौपाड्याहून ऑफिसमधून आला आणि पहिलं तेच विचारलं, 'बाबा, बिल पाहिलं?' मी म्हटलं, 'मीठ पाहिलंस?' त्याला कळलं नाही. कळणार नाही. बिल कागदावर येतं. ऊन कागदावर येत नाही.

म्हणजे कागद तिच्या बाजूने, आणि ऊन माझ्या. आधीही असंच होतं. तेव्हा कागद जिंकला.

१५ मे

लक्ष्मी म्हणते, सुनेच्या हातांना भेगा पडल्यात. खोबरेल चोळत बसली होती स्वयंपाकघरात. मी म्हटलं, मिरची आहे, पडणारच, हातमोजे घाल म्हणावं.

पाणी प्यायला आत गेलो तेव्हा दिसले हात. बोटांच्या पेरांवर भेगा, कडा पांढऱ्या, फुगलेल्या. आगरावर आमच्या पायांना अशा पडायच्या. मिरचीने अशा पडतात हे माहीत नव्हतं. काय ठाऊक. नवीन मिरचीत काय काय औषधं मारतात.

मला पाहून तिने हात ओढणीखाली घेतले. घे. मला काय करायचंय.

१७ मे

आज डंकासमोर जरा उभा राहिलो. ती आत चाळणी मारत होती, तिला दिसलो नाही. चांगला चालतो डंक. जुनं काम आहे, मजबूत. काचा गेल्यावर विकेल म्हणाली आहे. म्हणाली म्हणजे विकेल, हट्टी आहे.

मी त्याला काय करू? मी सांगितलं होतं का काचा आणा?

१९ मे

ट्रंकेतला अर्ज काढला. तारीख घातली— २० मे. खाली एक ओळ वाढवली: 'सदर काचा ऊन ओढून घेतात याचा मजकडे पुरावा आहे. पाच पराती, चव्वेचाळीस दिवस.' अक्षर बरं आलंय.

उद्या दहाला उत्तम खाली येऊन हाक मारेल. लक्ष्मीला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. परत आल्यावर सांगेन.

२० मे

चष्मा वर टाकीपाशी राहिला होता. चष्म्याशिवाय ऑफिसात काय वाचणार? साडेनऊला परत चढलो.

जिन्याच्या दारातूनच दिसली. तोंडाला फडकं बांधून कल्पिता परात उचलत होती. दोन्ही हातांत, कमरेशी धरून, पाय न उचलता सरकवत. एक थेंब सांडला नाही. माझी आई अशी चालायची, बांधावरून. वाकून ती परात तिने काचांच्या खाली ठेवली, सावलीत. मग दुसरी. पाच पराती, पाच खेपा. प्रत्येक पाचरीच्या जागेला काचेच्या चौकटीवर खडूची बारीक खूण. साडेचारला परत तिथेच ठेवता यावी म्हणून. मग काचा फडक्याने पुसल्या, आणि मिठाचे हात ओढणीला पुसत उभी राहिली.

चव्वेचाळीस दिवस. त्यातले माझ्या उन्हाचे पहिले तीन.

मी जिन्यात मागे सरलो. तिने पाहिलं नाही. खाली उत्तम हाका मारत होता. त्याला सांगितलं, पुतण्याला म्हणावं बसव.

अर्ज या पानाला चिकटवून ठेवतो.

पश्चिमेच्या कठड्याशी सकाळची जराशी सावली सोडली तर दिवसभर ऊन असतं. पहाटे पराती मी तिकडे हलवणार आहे. उद्या साडेनऊला चक्की थांबणार नाही.